चाळीस ग्रॅम लोखंड

दापोलीजवळ माझ्या मावसभावाचं, दादाचं, घर आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, पुढे दोन देशी बदाम, मागे बोअर. काही वर्षांपूर्वी त्याने अंगणात पोहायला जागा केली: आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. आम्ही सगळे तिला पूल म्हणतो. मावशी ‘टाकी’ म्हणते, आणि विचार केला तर तिचाच शब्द जास्त अचूक आहे.

मे महिन्यात गेलो तेव्हा टाकीतलं पाणी इतकं नितळ होतं की तळाशी पडलेली केसांची पिन काठावरून दिसत होती. पण टाइलांमधले पांढऱ्या सिमेंटचे सांधे मात्र चहात बुचकळून काढल्यासारखे तांबूस झालेले. पायऱ्यांपाशी करडे-काळे पानांचे ठसे. एका कोपऱ्यात नाण्याएवढा तपकिरी ठिपका. पूल सांभाळणारे काका हातात तारेचा ब्रश घेऊन उभे होते.

“ब्रश झिजला, डाग काय हललेला नाय,” ते म्हणाले.

“पाणी एवढं स्वच्छ आहे,” दादा वैतागून म्हणाला, “मग ही घाण येते कुठून?”

खरं तर हा प्रश्न मलाच उलटा विचारायचा होता. डाग घाणीचा आहे हे आपण गृहीतच धरतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आलं आणि चिकटलं. पण टाकीतले बहुतेक डाग बाहेरून येत नाहीत. ते त्या नितळ पाण्यातच असतात, विरघळलेले, न दिसणारे. आपण त्यांना दिसायला लावतो.

हे पटवायला मी काकांना बोअर सुरू करून पांढरी बादली भरून आणायला लावली. पाणी ताजं, थंड, स्वच्छ. त्यात चिमूटभर क्लोरीनची पूड टाकली. थोड्याच वेळात बादलीच्या तळाकडे पाहिलं तर पाण्याला फिकट पिवळट झाक आलेली. दुसरी बादली काही न घालता नुसती उन्हात ठेवली होती. तीही संध्याकाळपर्यंत पिवळसर झाली आणि सकाळी तिच्या बुडाशी तपकिरी साका बसला होता. काका बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिले. रोज तेच पाणी ते हाताळत होते.

जमिनीच्या पोटात खोलवर हवा पोचत नाही. तिथे लोखंड एका वेगळ्या रूपात असतं, रसायनशास्त्रात त्याला फेरस म्हणतात. हे फेरस लोह पाण्यात साखरेसारखं विरघळतं आणि त्याचा रंग जवळजवळ दिसत नाही. असं पाणी वर आलं की त्याची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते. लोखंडाचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि फेरिक बनतो. एवढासा फरक, पण फेरिक लोह पाण्यात राहू शकत नाही. ते गंजाच्या बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतं आणि मिळेल त्या खडबडीत जागी जाऊन बसतं. गुळगुळीत टाइलवर त्याला थारा मिळत नाही, सिमेंटच्या सांध्यात मिळतो. क्लोरीन हेच काम हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने करतो. म्हणजे पाणी शुद्ध राहावं म्हणून जे टाकायचं, तेच डाग उमटवतं.

किती लोखंड असेल? एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम धरूया. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यालाही लोखंडाची हीच मर्यादा आहे, म्हणजे हे काही वाईट पाणी नव्हे. टाकी चाळीस हजार लिटरची. चाळीस हजार मिलिग्रॅम म्हणजे चाळीस ग्रॅम. मूठभर खिळे. तेवढे खिळे कुटून त्यांचं पीठ केलं आणि ते गंजून सगळ्या तळावर भुरभुरलं, असा तो चहाचा रंग.

आणि गोष्ट इथे थांबत नाही. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून गेलं असं समजलं, तर या टाकीतून रोज १६० लिटर वाफ होते. वाफेबरोबर जातं ते निव्वळ पाणी. लोखंड, चुना, मीठ सगळं मागे राहतं. कमी झालेलं पाणी पुन्हा बोअरमधूनच भरायचं. अडीचशे कोरडे दिवस असं चाललं की अख्खी एक टाकी उडून गेलेली असते आणि आणखी चाळीस ग्रॅम लोखंड येऊन बसलेलं असतं. पूल म्हणजे मंद आचेवर आटत ठेवलेलं दूधच, फक्त कधी संपत नाही.

दादाच्या घराच्या भिंतीकडे मी बोट दाखवलं तेव्हा त्याला आधी कळेना. जांभा तांबडा का असतो? याच कारणाने. लाखो पावसाळ्यांनी खडकातलं बाकीचं बरंचसं धुऊन नेलं आणि न विरघळणारं फेरिक लोह मागे उरलं. चिरेखाणीतून ताजा काढलेला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो, हे कोकणात कोणीही सांगेल. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ साली मलबारच्या जांभ्याचं वर्णन करताना त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं, लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून. दादाच्या भिंती आणि दादाच्या पुलातले डाग रसायनाच्या दृष्टीने भाऊबंदच. एकासाठी त्याने पैसे मोजले, दुसरा फुकट मिळाला.

अजून मागे गेलं तर मला खरंच गरगरायला होतं. अगदी सुरुवातीला पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. समुद्र विरघळलेल्या फेरस लोहाने भरलेले होते, त्या बोअरच्या पाण्यासारखे. मग सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशावर जगायला आणि ऑक्सिजन बाहेर टाकायला सुरुवात केली. समुद्रातलं लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, थरावर थर. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेतही ऑक्सिजन साठू लागला. त्या गंजाचे पट्टेदार खडक झाले. गोव्यातलं आणि वेंगुर्ल्याजवळच्या रेडीचं लोहखनिज अशाच खडकांतून आलेलं आहे. ज्या घटनेने समुद्राचा रंग बदलला, तीच काकांच्या बादलीत एका दुपारी घडली. हे सायनोबॅक्टेरिया पुढे पुन्हा भेटणार आहेत, टाकीतच.

आता डाग ओळखायचा कसा? रंगावर जाऊ नये. तपकिरी डाग लोखंडाचा असू शकतो, तसाच पानाचाही. काळा मँगेनीजचा, तांब्याचा, शेवाळाचा, किंवा आणखी कशाचा. त्यापेक्षा डागालाच विचारावं. त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट औषधाच्या दुकानात मिळते: क जीवनसत्त्वाची गोळी.

आम्ही दोन गोळ्या जुन्या मोज्यात घातल्या, गाठ मारली आणि दादाने पाण्यात उतरून तो मोजा सांध्यावर दाबून धरला. चघळायच्या गोळ्या होत्या, त्यामुळे आधी एक नारिंगी ढग उठला आणि काकांनी हसून मान फिरवली. अर्ध्या मिनिटाने मोजा उचलला. खाली गोळीएवढा पांढरा सांधा. ब्रशने महिनाभर न हललेला डाग, सर्दीच्या गोळीने.

मघाशी लोखंडाने एक इलेक्ट्रॉन गमावला होता ना? क जीवनसत्त्व तो परत देतं. फेरिकचं पुन्हा फेरस होतं, आणि फेरस म्हणजे विरघळणारं. डाग खरवडला जात नाही, तो उलट्या पावली पाण्यात जातो. लोहाच्या गोळीबरोबर डॉक्टर क जीवनसत्त्व घ्यायला सांगतात ते याचसाठी, फेरस लोह आतड्यातून सहज शोषलं जातं. पालेभाजीवर लिंबू पिळणारी आजी आणि पुलात मोजा धरून बसलेला दादा एकच प्रयोग करत होते. या जीवनसत्त्वाचं नाव ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे स्कर्व्ही न होऊ देणारं. हंगेरीच्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी ते तिथल्या पाप्रिका मिरचीतून भरपूर प्रमाणात मिळवलं आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या मिरच्या कोणाचे पूल धुतील असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

पायऱ्यांवरच्या पानांच्या ठशांवर मात्र मोजा दाबला तर डाग फिका झाला, गेला नाही. इथे गोष्ट जास्त मजेदार आहे.

देशी बदामाचं पान गळण्याआधी लाल होतं, ते टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेलं असतं. पाण्यात पडून राहिलं की टॅनिन उतरतं आणि पानाची शीर न् शीर तळावर छापली जाते. नुसतं टॅनिन असतं तर काम सोपं होतं. क्लोरीनची वडी डागावर काही मिनिटं धरली की असा सेंद्रिय रंग उडतो. पण इथे पाण्यात लोखंड होतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काय होतं हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे: हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून काळी शाई करत. आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो तेही हेच. आणि हिरडा आणि देशी बदाम ही वनस्पतिशास्त्रात नुसती एकाच कुळातली नव्हेत, तर एकाच प्रजातीगटातली झाडं, दोन्ही टर्मिनॅलिया. दादाच्या पायऱ्यांवर डाग पडले नव्हते. तिथे शाई तयार झाली होती आणि पानांनी आपली चित्रं काढली होती.

म्हणून तो डाग दोन टप्प्यांत काढायचा. क्लोरीनने शाईतला काळेपणा जातो आणि खाली गंजाचा पिवळा ठसा उरतो. मग त्याला क जीवनसत्त्व. कपड्यावरच्या गंजाला ब्लीच लावून तो आणखी पक्का करून घेतलेल्या माणसाला हे लगेच कळेल. गंजाला लिंबू-मीठ हवं, ब्लीच नव्हे. क्लोरीनची वडी धरताना हातमोजे घालावेत, आणि फायबरच्या किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पुलात हा प्रयोग करू नये. तिथे डाग जाईल पण त्याजागी कायमचा फिक्का चट्टा येईल.

तांब्याचे डाग दादाकडे नव्हते, पण ते सांगायलाच हवेत, कारण आपल्याकडे शेवाळ दिसलं की मोरचूद टाकायचा हात फार सैल असतो. मोरचूद म्हणजे तांबंच. पाण्याचा पीएच वाढला की ते निळसर हिरव्या किंवा करड्या थरात बाहेर पडतं. पोहणाऱ्यांचे केस हिरवे होतात त्याचं खापर क्लोरीनवर फुटतं, रंग असतो तांब्याचा. त्यात क्लोरीनच्या वड्या वर्षानुवर्षं वापरल्या की सायन्युरिक आम्ल साठत जातं, आणि ते तांब्याशी जुळून चक्क जांभळे स्फटिक बनवतं. दिसतात सुंदर. ज्याचा पूल आहे त्याला तसं वाटत नाही.

पाण्याच्या रेषेवरचा खरखरीत पांढरा थर म्हणजे चुना, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतो, ओळख संपली. पाणी चुना सोडणार की उलट सिमेंटमधला चुना खाणार, याचा हिशेब विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली मांडला. मुळात तो शहरांच्या नळांसाठी होता, आज तो पूलवाले वापरतात. पीएच साधारण ७.२ ते ७.८ मध्ये ठेवला की पाणी सहसा दोन्ही खोड्या करत नाही.

आणि मग ते काळे ठिपके. उत्तरेकडच्या, सावलीतल्या भिंतीवर मला चार-पाच दिसले. बोटाने चोळले तर माथा निघाला, खाली काळं मूळ तसंच. गोळीने हलले नाहीत, क्लोरीनच्या वडीनेही वरवरच फिके झाले. कारण तो डाग नव्हताच, तो जिवंत होता. पूलवाले त्याला काळं शेवाळ म्हणतात, पण शेवाळ हे नावही त्याला तंतोतंत लागू नाही. ते सायनोबॅक्टेरिया आहेत, समुद्र गंजवणाऱ्यांचे वारसदार. वरती चिकट आवरण, खाली सिमेंटच्या छिद्रांत घट्ट पकड. एवढ्या कोटी वर्षांत जगात काय काय येऊन गेलं, हे मात्र एका फार्महाउसच्या भिंतीवर, क्लोरीनच्या पाण्यात, निवांत. त्यांना ब्रश लागतोच, आधी आवरण फाडायला आणि मग त्या जागी क्लोरीन भरायला. ब्रश स्टेनलेस स्टीलचा हवा. काकांचा साध्या तारेचा होता, आणि त्याचे तुटलेले बारीक तुकडे टाइलांच्या सांध्यांत अडकून स्वतःच गंजत होते. महिनाभर डाग घासता घासता काका नवे डाग पेरत होते. हे त्यांना सांगायला मला जड गेलं. ते म्हणाले, “म्हणजे मीच शेतकरी.”

एक डाग ओळखणं आणि सगळी टाकी उजळणं यात अंतर आहे. चाळीस हजार लिटरला साधारण अर्धा किलो ॲस्कॉर्बिक आम्ल लागतं, पाचशे मिलिग्रॅमच्या हजार गोळ्यांएवढं. अर्थात गोळ्या नव्हे, पूड आणायची. पण ती टाकण्याआधी पाण्यातला क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्यावा लागतो, नाहीतर जीवनसत्त्व लोखंडापर्यंत पोचण्याआधी क्लोरीनशीच झुंजून संपतं. आम्ही चार दिवस क्लोरीन न घालता थांबलो. मग पंप चालू ठेवून काकांनी कडेकडेने पूड पेरली. अर्ध्या तासात पायऱ्या उजळल्या, संध्याकाळी तळ. मावशी काठावर येऊन बघून गेली आणि एवढंच म्हणाली, “टाकी नवी घेतली काय रे?”

इथे घाई करणारे फसतात. डाग गेला, लोखंड नाही. ते पुन्हा पाण्यात आहे, अदृश्य, आणि क्लोरीनची वाट बघतंय. लगेच नेहमीचा क्लोरीन ओतला तर दुसऱ्या दिवशी सांधे पुन्हा तांबूस. म्हणून लोखंडाला धरून ठेवणारं, त्याला बाहेर पडू न देणारं रसायन आधी घालावं लागतं, बहुधा फॉस्फोनेट जातीचं. काही पाणी बदलावं लागतं, आणि क्लोरीन थोडा थोडा करत वाढवायचा. फार रेंगाळूनही चालत नाही, कारण क्लोरीन नसलेलं कोमट पाणी म्हणजे शेवाळाला आवतण. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव एका रात्रीत हिरवागार झाला आणि सगळ्या जगाने तो टीव्हीवर पाहिला. तिथे कोणीतरी ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं, त्याने क्लोरीन निकामी केला आणि शेवाळाने संधी साधली. क जीवनसत्त्वही क्लोरीनचं तेच करतं.

दोन गोष्टी मात्र गमतीच्या नाहीत. फरशी साफ करायचं ॲसिड आणि क्लोरीनची पूड एका बादलीत, एका मगात, अगदी एका ओल्या कपाटातही एकत्र येता कामा नयेत. त्यातून निघतो तो क्लोरीन वायू, जो पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, ईप्रच्या खंदकांवर सोडला गेला होता. दुसरी गोष्ट कोकणातली. ‘सगळं पाणी काढून एकदाची टाकी घासून टाकू’ असं पावसाळ्यात कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. भरलेल्या टाकीत चाळीस टन पाण्याचं ओझं असतं, तेच तिला जमिनीत दाबून धरतं. ते काढलं आणि भोवती भूजल वर आलेलं असलं, तर काँक्रीटची टाकी होडीसारखी तरंगू पाहते. तळ फुगतो, कडा उचलतात, नळ तुटतात. असं खरोखर होतं. दादाचा बेत नेमका जुलैचा होता.

बोअरच्या नळीवर आता लोखंड गाळणारा फिल्टर बसला आहे. बदामाची पानं काका रोज सकाळी जाळीने काढतात, पाण्यात भिजून शाई होण्याआधी. साध्या तारेचा ब्रश गोठ्याकडे गेला.

तो नाण्याएवढा तपकिरी ठिपका तेवढा राहिला. गोळीने तोही गेला होता, पण दहा दिवसांनी त्याच जागी, तेवढाच, पुन्हा आला. पिन पडून गंजली असती तर पिन काढल्यावर तो परतला नसता. जो डाग धुतला की जातो आणि ठरल्या जागी परत येतो, त्याचं लोखंड पाण्यात नसतं, काँक्रीटमध्ये असतं. सळया बांधताना वापरलेल्या तारेचं टोक पृष्ठभागाच्या फार जवळ राहिलं असणार. ताज्या काँक्रीटचा चुना लोखंडाला गंजू देत नाही, पण पाण्यातले क्षार तिथवर पोचले की ते संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि आतून सिमेंटला ढकलत राहतो. आत्ता तार आहे, पुढे सळई असेल. तेवढा भाग फोडून, टोक कापून, पुन्हा भरायला हवा.

मिस्त्रीला दाखवलं. त्याने खाली वाकून बघितलं, ठिपक्यावर बोट फिरवलं, आणि दिवाळीनंतर येतो म्हणाला.